आईबाबांची अमेरिकेची बॅग आणि ‘हो, आणलंय’

मागच्या भागानंतर इनबॉक्समध्ये एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतोय. ‘आईबाबा पहिल्यांदाच अमेरिकेला चाललेत, बॅगेत काय चालतं, काय नाही, लिस्ट दे ना.’ लिस्ट बोलता बोलता येईलच. पण माझं मत आधीच सांगून टाकते. तिथल्या विमानतळावर आपली माणसं वस्तूमुळे कमी अडकतात. ‘नाही, काही नाही आणलं’ या वाक्यामुळे जास्त अडकतात.

मी वकील नाही, पुण्यात कोड लिहिते. पण ताई डॅलसला असते, आणि तिच्या बाळंतपणाला आईबाबा जाणार असं ठरलं तेव्हा घरातलं कागदपत्रांचं खातं आपोआप माझ्याकडे आलं. मग फॉरवर्ड बाजूला ठेवून अमेरिकी सरकारची मूळ पानं वाचत बसले. वाचल्यावर कळलं की नियम बरेच आहेत, पण त्यांच्या मागचं लॉजिक एकच आहे.

आधी व्हिसा. फिरायला किंवा नातेवाइकांना भेटायला जाणाऱ्यांना बी-१/बी-२ व्हिसा लागतो. आपल्याकडच्या लोकांना तो साधारण दहा वर्षांचा मिळतो आणि घरात पेढे वाटले जातात. बाबांची समजूत अशी की आता दहा वर्षं कधीही जा, कितीही राहा. आमच्या भाषेत सांगायचं तर व्हिसा म्हणजे फक्त लॉगिन. लॉगिन झालं म्हणजे सगळी पानं उघडतात असं नाही ना? आत सोडायचं की नाही आणि सोडलं तर किती दिवस, हे विमानतळावरचा सीबीपीचा, म्हणजे त्यांच्या कस्टम्स आणि सीमा सुरक्षा खात्याचा, अधिकारी ठरवतो. व्हिसा असूनही तो परत पाठवू शकतो.

आणि त्यांच्या कायद्यात एक कलम आहे, २१४(ब). त्यानुसार व्हिसा मागणारा माणूस कायमचं राहायलाच येतोय असं धरून चालायचं, आणि तसं नाही हे त्या माणसाने पटवायचं. ऐकायला उद्धट वाटतं, मलाही वाटलं. पण हे कळलं की बीकेसीतल्या वकिलातीत तो साहेब घर, शेती, पेन्शन, दुसरं अपत्य यांच्याबद्दल का विचारतो ते समजतं. आमच्या केसमध्ये ते दुसरं अपत्य म्हणजे मी. परत येण्याचं एक कारण म्हणून माझी नोंद झाली, हे मी ताईला अजून ऐकवते.

ही मुलाखत मुंबईत मराठीतूनही देता येते. आईबाबांना इंग्रजी पाठ करायला लावू नका प्लीज. पाठ केलेलं वाक्य लगेच ओळखू येतं.

आता फॉर्म. डीएस-१६०. आमच्या बाबांनी ओळखीच्या एका एजंटला भरायला दिला होता. सबमिट करण्याआधी मसुदा पाठवा म्हणून मी मागे लागले. तो आला, बघते तर ‘अमेरिकेत जवळचे नातेवाईक आहेत का’ यापुढे ‘नाही’. सख्खी मुलगी डॅलसला आणि उत्तर ‘नाही’! फोन केला तर एजंट म्हणाला, “ताई, मुलगी तिथे आहे म्हटलं की रिजेक्ट करतात. फिरायला चाललोय म्हणायचं, नायगारा बघायचाय म्हणायचं. आपण सगळ्यांचं असंच भरतो.”

सगळ्यांचं असंच भरतो! मंडळी, हे लक्षात घ्या. व्हिसा नाकारला तर पुन्हा अर्ज करता येतो, फी जाते एवढंच. पण व्हिसा मिळवण्यासाठी जाणूनबुजून खोटी माहिती दिली असा शिक्का बसला तर तो माणूस त्या देशात यायला कायमचा अपात्र ठरू शकतो. त्यात पाच किंवा दहा वर्षांची मुदत नसते. नंतर सूट मागता येते, पण ते वेगळंच प्रकरण आहे. आणि फॉर्म कुणीही भरलेला असो, खाली खरेपणाची हमी अर्जदाराचीच असते. मुलीला बाळ होणार आहे म्हणून निघालेले आईबाबा, आणि कागदावर मुलगीच नाही. पुढे ताईने त्यांच्यासाठी काहीही अर्ज केला की ती फाइल निघणारच ना? आम्ही तो फॉर्म पहिल्यापासून भरला. मुलीचं नाव, पत्ता, ती कोणत्या व्हिसावर आहे, सगळं. आणि व्हिसा मिळाला.

आता विमानतळ. एक गंमत म्हणजे अमेरिकी अधिकारी नेहमी अमेरिकेतच भेटतो असं नाही. अबू धाबीमार्गे गेलात तर २०१४ पासून ही सगळी तपासणी अबू धाबीतच होते. पुढे तुम्ही तिथे उतरता ते देशांतर्गत प्रवाशासारखे. आईबाबांना हे आधी सांगून ठेवा, नाहीतर ‘अजून अमेरिका आली नाही आणि हा कोण विचारतोय’ म्हणून गोंधळ होतो. थेट गेलात तर अमेरिकेतल्या पहिल्या विमानतळावर रांग. पुढचं विमान असेल तरी बहुतेक ठिकाणी मोठ्या बॅगा पट्ट्यावरून घ्यायच्या, कस्टम्समधून न्यायच्या आणि पुन्हा द्यायच्या. पुण्याच्या काकूंच्या ग्रुपवर ‘बॅग थेट पोचते’ असं ठामपणे सांगणारं कुणीतरी असतंच, त्यांचं ऐकू नका.

खिडकीवर विचारतात काय? का आलात, कुणाकडे, किती दिवस, परतीचं तिकीट आहे का. बस. आमच्या बाबांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, ‘डॉटर, बेबी, फाइव्ह मंथ्स.’ तीन शब्दसमूह, सगळे खरे. पुढे आईला विचारलं, पाच महिने तुम्ही काय करणार? इथे लोक घाबरतात, कारण ‘बाळ सांभाळायला आले म्हणालात तर परत पाठवतात’ असा फॉरवर्ड प्रत्येकाने वाचलेला असतो. या व्हिसावर पगारी काम करायला बंदी आहे. मोबदला घेऊन मूल सांभाळणं म्हणजे काम. आजीने नातीला मांडीवर घेणं म्हणजे कुटुंबाची भेट. सरळ फरक आहे. आई म्हणाली, नात बघायला आलेय, मुलीला जरा मदत करीन, दिवाळीला घरी परत. शिक्का बसला. खोटं बोलण्याचं इथे कारणच नसतं, आणि बोललात तर तपासायला त्यांना फोन उघडायला सांगता येतो. सीमेवर हा अधिकार त्यांच्याकडे आहे. व्हॉट्सॲपवर ‘तिथे असं सांगायचं बरं का’ असे मेसेज पडलेले असतील तर काय होईल, विचार करा.

आता बॅग. यासाठीच तुम्ही इथवर ऐकलंत, माहितीये.

आधी विमानात एक कागद भरायला देत, आता अनेक विमानतळांवर तोंडीच विचारतात. खाण्याचं काही आणलंय? फळं, झाडं, बिया? मांस? आणि एक प्रश्न आपल्या लोकांना चकित करतो, शेतावर जाऊन आलात का? आमचे बाबा निघायच्या आठ दिवस आधी गावी जाऊन आले होते, आणि तेच बूट घालून निघाले होते! घरीच बूट घासून धुतले. शेतावर गेला असाल तर हो म्हणायचं, ते फार तर बूट बघतात, साफ करतात.

हे सगळं कशासाठी? मला आधी वाटायचं की आपल्याला त्रास द्यायला. मग कढीपत्त्यापाशी आले आणि मत बदललं.

ताजा कढीपत्ता अमेरिकेत नेता येत नाही. दोन काड्यासुद्धा नाहीत. कारण आहे एक किडा, सिट्रस सायला, जेमतेम तीन-चार मिलिमीटरचा. विदर्भातल्या कुठल्याही संत्रा बागायतदाराला विचारा, तो या नावाने दात-ओठ खाईल. कढीपत्ता संत्र्या-लिंबाच्याच कुळातला, त्यामुळे हा किडा त्याच्यावर मजेत राहतो, कोवळ्या पालवीत अंडी घालतो. आणि एका झाडावरून दुसऱ्या झाडावर तो जो रोग नेतो त्याला ग्रीनिंग म्हणतात. त्यावर इलाज नाही, झाड मरतं. हा किडा फ्लोरिडात १९९८ मध्ये सापडला, रोग २००५ मध्ये. २००३-०४ च्या हंगामात फ्लोरिडात संत्र्यांच्या सुमारे २४ कोटी पेट्या निघाल्या होत्या. २०२२-२३ मध्ये दीड कोटीच्या थोड्या वर. मध्ये चक्रीवादळंही आली, पण मुख्य घाव या रोगाचा. आता मला सांगा, ज्या राज्याची ओळखच संत्र्याचा रस, तिथल्या विमानतळावर आपल्या आईच्या पिशवीतल्या हिरव्या काड्या बघून तो अधिकारी हसून सोडून देईल का? त्याला आपली आमटी दिसत नाही, त्याला तो किडा दिसतो.

तांदळाचंही तसंच. आई तीन किलो इंद्रायणी नेणार होती, बाळंतिणीला मऊ भात म्हणून. नाही चालत. खपरा भुंगेरा नावाची साठवणीतल्या धान्याची कीड आहे, तिचं नावच आपल्या भाषांतलं. ती जिथे आहे अशा देशांतून प्रवाशाने तांदूळ नेणं बंद आहे. याच्या अळ्या पोत्याच्या शिवणीत, फटीत, काही न खाता खूप काळ तग धरतात. १९५३ मध्ये ही कीड कॅलिफोर्नियात सापडली होती आणि ती निपटायला त्यांना दहाच्या वर वर्षं लागली. त्यामुळे तीन किलो असो की मूठभर, नाहीच. डॅलसच्या देशी दुकानात तांदूळ मिळतो. आईला ते पटलं नाही, पण पिशवी घरी राहिली.

मग येतो हापूस. ‘तिथे दुकानात आपला हापूस मिळतो, मग मी दोन नेले तर काय झालं?’ हा बाबांचा युक्तिवाद, आणि ऐकायला बिनतोड आहे. पण दुकानातला हापूस वेगळ्या वाटेने गेलेला असतो. १९८९ पासून भारतीय आंब्याला अमेरिका बंद होती, २००७ मध्ये उघडली ती एका अटीवर. आंब्यावर विकिरण प्रक्रिया करायची, म्हणजे किमान ४०० ग्रे इतका किरणांचा डोस द्यायचा, म्हणजे कोयीतला भुंगा आणि फळमाशी पुढची पिढी वाढवू शकणार नाही. ते काम सुरू झालं आपल्या लासलगावात, कांद्यासाठी उभारलेल्या केंद्रात. पुढे वाशीलाही सोय झाली. प्रत्येक खेपेबरोबर कागद जातो. आणि कागद किती महत्त्वाचा? २०२५ च्या मे महिन्यात मुंबईत प्रक्रिया झालेल्या आंब्यांच्या निदान १५ खेपा अमेरिकेच्या विमानतळांवर अडवल्या, प्रक्रियेच्या कागदात त्रुटी म्हणून. परत न्या किंवा नष्ट करा असं निर्यातदारांना सांगितलं. टनांवारी आंबा कागदासाठी गेला, तिथे आपल्या पिशवीतल्या दोन आंब्यांचं काय घेऊन बसलात!

बाकीचं पटापट सांगते. मटण, चिकन, त्यांची सुपं, मसाला पाकिटातले मांसाचे तुकडे, सगळं नाही. कारण आपल्याकडे जनावरांना लाळ्या-खुरकूत होतो, त्यांच्याकडे १९२९ नंतर तो नाही आणि तो येऊ द्यायचा नाहीये. मासळीला मात्र तशी बंदी नाही. कोकणातल्या श्रोत्यांनो, सुके बोंबील सांगून, दाखवून नेता येतात, फक्त कपड्यांच्या बॅगेत ठेवू नका. कोरडे मसाले, चहा, कैरीचं लोणचं, भाजलेले दाणे, चिवडा, शंकरपाळे सहसा अडत नाहीत. बिया, रोपं, तुळशीची माती, देवाला वाहिलेलं फूल… नको.

औषधं मूळ वेष्टनात, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी आणि साधारण ९० दिवसांची. डब्यात एकत्र ओतलेल्या गोळ्या बघून कुणालाच काही कळत नाही, आपल्यालाही नाही.

पैसे. दहा हजार डॉलरच्या वर रोख नेता येत नाही असं सगळे म्हणतात. तसं नाहीये. कितीही नेता येतात, पण दहा हजारांच्या वर असतील तर सांगायचं आणि फॉर्म भरायचा. कुटुंब एकत्र असेल तर सगळ्यांचे मिळून मोजतात. अर्थात आपल्याकडून निघतानाच सहसा माणशी ३००० डॉलरपर्यंतच नोटा मिळतात, तेव्हा हा प्रश्न कमी येतो. सोनं? अंगावरचे स्वतःचे दागिने, जे परत आणायचे आहेत, त्यांचा प्रश्न नाही. पण बारशाला नातीच्या हातात घालायच्या सोन्याच्या बांगड्या ही भेट झाली. पाहुण्याला भेटवस्तूंवर १०० डॉलरपर्यंत सूट आहे, तीही किमान ७२ तास राहणार असाल तर. त्यावरचं सांगायचं, पावती सोबत ठेवायची, लागला तर कर भरायचा.

आता या सगळ्यात कॉमन काय आहे बघा. सीबीपी स्वतः सांगते की खाण्याची वस्तू तुम्ही सांगितलीत आणि ती चालत नसली, तर ती काढून घेतात आणि तुम्ही पुढे जाता. दंड नाही. हीच वस्तू ‘नाही’ म्हणून बॅगेत सापडली तर पहिल्याच वेळी ३०० डॉलरचा दंड होतो, हजारापर्यंतही जाऊ शकतो. तुमच्यापैकी काहींकडे ग्लोबल एंट्री असेल, २०१७ पासून भारतीय नागरिकांना मिळते. न सांगितलेल्या एका फळापायी ती रद्द होते. म्हणजे वस्तू तीच, किडा तोच, फरक फक्त एका शब्दाचा. प्रोग्रामर मंडळींना हे आवडेल: एरर कळवलीत तर हँडल होते, लपवलीत तर क्रॅश.

आणि सापडत नाही असं समजू नका. पट्ट्याजवळ छोटी बीगल कुत्री फिरत असतात, १९८४ पासून हे पथक आहे. भुंकत नाहीत, चावत नाहीत. तुमच्या पिशवीपाशी येतात आणि शांतपणे बसतात. आईच्या पिशवीपाशी एक येऊन बसलंच! मुंबई विमानतळावर खायला घेतलेलं सफरचंद तिने अर्ध्या वाटेत विसरून खाली ठेवलं होतं. पण तिने आधीच्या प्रश्नाला ‘फूड? येस, येस, मेनी’ असं सांगितलेलं. सफरचंद काढून घेतलं, डिंकाच्या लाडवांचा डबा उघडून बघितला, काय आहे विचारलं, बंद करून दिला. आईला त्या कुत्र्याचं इतकं कौतुक वाटलं की बाळाच्या आधी मला त्याचंच वर्णन ऐकावं लागलं.

म्हणून आईबाबांना शिकवायचं तर एवढं शिकवा: खाण्याचं आहे का विचारलं की ‘येस’. मग दाखवतील ते दाखवायचं. बॅगेतल्या खाण्याची यादी इंग्रजीत एका कागदावर लिहून पासपोर्टला लावून द्या. लाडवापुढे ‘स्वीट, व्हीट अँड नट्स’ एवढं पुरे. सगळं खाणं एकाच बॅगेत वर ठेवा, चार बॅगा उपसायला लावू नका.

शेवटचं, आणि हे मुलांनी करायचंय. आईबाबा घरी पोचले, झोपले, की त्याच रात्री आय-९४ ची सरकारी वेबसाइट उघडा, पासपोर्ट नंबर टाका. किती तारखेपर्यंत राहायची परवानगी आहे ते तिथे दिसतं. राहायची मुदत तीच, व्हिसावरची दहा वर्षांची तारीख नव्हे. साधारण सहा महिने देतात, पण पासपोर्ट त्याआधी संपत असेल तर मुदत तिथेच कापली जाऊ शकते, आणि हे कुणी तोंडाने सांगत नाही. ती तारीख ओलांडली की व्हिसा बाद होतो. बेकायदा राहणं १८० दिवसांच्या वर गेलं आणि मग देश सोडला, तर तीन वर्षं प्रवेश बंद, वर्ष किंवा त्याहून जास्त झालं तर दहा वर्षं. थांबावंच लागणार असेल, आजारपण वगैरे, तर तारखेच्या आत मुदतवाढीचा अर्ज करायचा असतो.

आणि पासपोर्ट संपत आला असेल तर निघायच्या आधीच नवा करा. व्हिसा जुन्या पासपोर्टवर असला तरी चालतो, दोन्ही सोबत न्यायचे. जुना निरुपयोगी म्हणून कपाटात ठेवून कुणी निघत नाही ना, ते तेवढं दारातच बघा. पुढच्या भागात परतीचा प्रवास, आपलं स्वतःचं कस्टम्स आणि ताईने पाठवलेला लॅपटॉप. भेटू!